भुई थोपटणारी बाई

गवळणवाडीत घाबरून पळालेल्या माणसाला चहा पाजावा लागतो. एकट्याला नाही, त्या वेळी पारावर जेवढे बसलेले असतील तेवढ्या सगळ्यांना.

त्याचं असं आहे की या वाडीच्या पोटात भुई बोलते. हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरच्या अलीकडच्या फाट्यावरून आत वळलं की ही वाडी लागते. इथं महिन्या-पंधरा दिवसांतून कधीतरी जमिनीखालून गुरगुर येते, जसा लांब कुठं दगडांचा ट्रॅक्टर खाली करावा. ताटल्या जराशा थरथरतात आणि झालं, संपलं. पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा माणसं लेकरंबाळं घेऊन शेतात जाऊन झोपली होती. साहेब आले, यंत्र लावून गेले, घाबरू नका म्हणून गेले. आता माणसानं घाबरायचं तरी किती दिवस? हळद काढायची असते, सोयाबीन बाजारात न्यायचं असतं, पोरीला बघायला पाव्हणे यायचे असतात. तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं, की भुई बोलल्यावर जो उठून पळेल त्यानं चहा पाजायचा. नवे जावई पाजून गेले, नवे गुरुजी पाजून गेले, एक बँकेचा साहेब तर गाडीची चावी आत टाकून पळाला, त्याच्याकडून गावानं भजी पण खाल्ली.

सखुबाई या गावची अंगणवाडीची बाई. बुटकी, दणकट, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला ‘प्रतिक्षाऽ’ म्हणाली की त्या टोकाची म्हैस मान वर करून बघते. जवळा बाजारची लेक. लग्नानंतर दहावी झाली, दोन पोरी झाल्या, मग अंगणवाडीवर लागली, आणि लागली ती लागलीच. पोरी आता नांदत्या घरी आहेत. नवरा तातेराव हळदीची थोडी शेती बघतो आणि उरलेल्या वेळात बायकोची थट्टा करतो. दोन्ही कामं तो मनापासून करतो.

तर या सखुबाईनं एक खेळ काढला होता. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लेकरं खिचडी खात बसलेली, भुई बोलली, आणि एका पोरानं असा टाहो फोडला की बाकीच्यांच्या घशात घास अडकला. सखुबाई मटकन खाली बसली, फरशीवर हात ठेवला आणि थोपटायला लागली. “आरं, भुई रडून राहिली पोटात. थोपटा तिला. सगळे थोपटा.” लेकरांना काय, थोपटायला लागली. सखुबाईनं तिथल्या तिथं गाणंही जुळवलं:

नीज गं भुई, नीज गं माय,
दिस हाये अजून, उठतीस काय?

गुरगुर थांबली. ती तशीही थांबणारच होती म्हणा, पण लेकरांना वाटलं आपण थांबवली. त्या दिवसापासून गवळणवाडीच्या अंगणवाडीत कुणी रडलं नाही. भुई बोलली की लेकरं गोल करून बसायची आणि दोन्ही हातांनी फरशी थोपटायची. पहिल्या तुकडीची लेकरं आता मिशावाली झाली आहेत, एका-दोघांची पोरं अंगणवाडीत येतात. तेसुद्धा ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गुरगुर ऐकली की मडगार्ड थोपटतात. म्हाताऱ्या बाया थोपटतात. वरच्या मॅडम येऊन बघून गेल्या, पेपरात फोटो आला, हिंगोलीला बोलावून सखुबाईला शाल-नारळ दिलं. तिला अभिमान होता, लपवायचं काय त्यात. माणसाच्या हातून आयुष्यात एखादीच गोष्ट अशी होते, आणि तिच्या हातून झाली होती.

दोन वर्षांमागं एका सकाळी मात्र भुई नुसती बोलली नाही, हलली. फळीवरचे डबे पडले, अंगणवाडीच्या मागच्या भिंतीला भेग गेली. भेगेत सिमेंट भरून वरून चुना मारला. गावानं त्यातून एवढंच घेतलं की बघा, हलली तरी काही झालं नाही. उलट चहाचा नियम आणखी कडक झाला.

पुढच्या साली माणिकराव गुरुजींचा निरोप आला. हे हिंगोलीतले निवृत्त हेडमास्तर. किल्लारीच्या भूकंपात तरणेताठे असताना महिनाभर ढिगारे उपसायला गेले होते, आणि ते त्यांच्या अंगातून कधी निघालं नाही. जिथं भुईनं घरं पाडली तिथं दर साल चार माणसं घेऊन जायचं, त्यांच्या हाताला हात लावायचा, त्यांच्याकडून शिकायचं, आपल्याला काही येत असेल तर ते द्यायचं, असा त्यांचा नेम. त्या साली जायचं होतं नेपाळात, जाजरकोटच्या डोंगरात. तिथं कार्तिकातल्या एका रात्री भूकंपानं गावंच्या गावं झोपेत गाडली होती, आणि शाळा अजून उभ्या राहत होत्या.

“तुमचा तो थोपटण्याचा खेळ तिथल्या लेकरांना शिकवा,” गुरुजी म्हणाले. “फार भ्यायलीत हो ती. नुसत्या ट्रकच्या आवाजानं चळाचळा कापतात.”

सखुबाई तर तयारच होती. तातेरावानं मात्र विचारलं, “पासपोर्ट लागतो का?”

“न्हाई लागत,” सखुबाई म्हणाली.

“मंग कसला परदेश गं त्यो? परभणीला बी पासपोर्ट लागत न्हाई.”

“तुमी हळद उकडा गप,” ती म्हणाली आणि दशम्या बांधायला लागली.

रेल्वे, मग बस, मग जीप, आणि शेवटी जीपवाल्यानंही हात टेकले तेव्हा पायी. सखुबाईनं एवढा डोंगर जन्मात पाहिला नव्हता. तिच्या मते डोंगर म्हणजे औंढ्याला जाताना लागतो तो. वरच्या त्या गावाचं नाव तिला शेवटपर्यंत धड घेता आलं नाही, ती ‘वरचं गाव’ म्हणायची. अर्धी घरं पत्र्याची, अर्धी नव्यानं रचलेली. ज्याच्या घरी ती उतरली तो गगनबहादूर नावाचा म्हातारा निघाला नांदेडच्या एका कापसाच्या जिनिंगवर उभी हयात राखण केलेला. तो तिला बघून म्हणाला, “बाई, चहा घेते का?” सखुबाईला रडूच यायचं बाकी राहिलं. एवढ्या लांब येऊन कुणी मोडकं का होईना मराठी बोलतंय, म्हणजे काय!

सकाळी सगळे रांगेत उभे राहून दगड पोचवायचे. दुपारी लेकरांना खाऊ घालायचं. नवी शाळा व्हायची होती म्हणून जुन्या शाळेच्या दोन दगडी खोल्या डागडुजी करून वापरात होत्या. तिथल्या मास्तरीणबाई म्हणजे जुनकला. तिशीचीही नसेल. चेहरा शांत, बोलणं कमी. ती लेकरांना दिवसातून कधीही शिट्टी मारायची, की लेकरं हातातलं टाकून बाहेरच्या मैदानात. जेवताना शिट्टी, गणित करताना शिट्टी, लघवीला बसलेलं असलं तरी शिट्टी. सखुबाईला ते काही बरं दिसलं नाही.

“लेकरानला धड घास खाऊ देत न्हाई ही बाई,” ती गुरुजींना म्हणाली. “भीती मोडायची का वाढवायची?”

गुरुजी म्हणाले, “तुमचं दाखवा की मग तिला.”

दाखवलं. सखुबाईनं लेकरांना गोल बसवलं, गगनबहादूर शेजारी उभा राहून नेपाळीत सांगायला लागला. भुई रडतेय, तिला थोपटा. लेकरांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं थोपटलं, मग दुसऱ्यानं. गाण्याचे मराठी शब्द त्यांच्या तोंडात असे काही फिरले की सखुबाई हसून हसून बेजार झाली. लेकरंही हसली. गुरुजींचे डोळे भरून आले. गगनबहादूर म्हणाला, भूकंपानंतर त्यानं या लेकरांना असं बसून हसताना पाहिलं नव्हतं.

जुनकला दाराशी उभी होती. तिनं हिंदीत एवढंच विचारलं, “दीदी, और सच में आ गया तो?”

“आरे, हमारे उदर तो पुराना है ये,” सखुबाई म्हणाली. “खाली आवाज. कुछ नहीं होता. बैठनेका, थापटनेका, बस.”

जुनकला आत लेकरांकडं वळली. पाव्हणी बाई, वयानं मोठी, एवढ्या लांबून आलेली, तिला तोंडावर काय बोलणार? आपल्याकडंही असंच करतात, पाव्हण्याला कुणी चुकतंय म्हणत नाही. सखुबाईला मात्र वाटलं, पोरीला पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरं आत खायला बसली होती, मक्याचा घाटा आणि पालेभाजी. सखुबाई वाढत होती. आधी आवाज आला. तो तिच्या ओळखीचा होता. ती तशीच पळी हातात घेऊन खाली बसली आणि दुसऱ्या हातानं जमीन थोपटायला लागली, सवयच ती. जुनकलाची शिट्टी वाजली. मोठी लेकरं उठली आणि दारातून बाहेर. आणि बारकी, अगदी बारकी, चार-पाच असतील, ती आधी उठली, मग सखुबाईला बसलेली बघितली, आणि बसली. गोल करून बसली. बारक्या हातांनी जमीन थोपटायला लागली. त्यातली एक तर गाणं म्हणत होती.

जमीन हलली ती यानंतर. वाडीतल्यासारखी थरथर नव्हती ती. खालून कुणी गोणी उचलून आपटावी तसा धक्का होता. सखुबाई बसल्या जागी आडवी झाली. जुनकला आत आली, तिनं दोघांना बखोटीला धरून बाहेर फेकलं, अक्षरशः फेकलं, परत आली, आणखी दोघांना ओढलं. शेवटची पोर उठेचना, ती आपली थोपटतेय. जुनकलानं तिच्या हातावर फाडकन मारलं, उचललं आणि पळाली. गगनबहादूरनं सखुबाईला दंडाला धरून घासत बाहेर काढलं. मागच्या भिंतीचे वरचे दगड सुटले आणि जिथं लेकरांची ताटं होती तिथं पडले. फार नाही पडले, पण ताटं चेपायला पुरेसे होते.

कुणाला काही लागलं नाही. मैदानात लेकरं रांगेत बसली, जुनकलानं नावं घेतली, सगळी होती. त्या बारक्या पोरीचा हात मारानं लाल झाला होता आणि ती मोठ्यानं रडत होती. तिची आई डोंगरावरून धावत आली, पोरीला घेतलं, हात बघितला, कुणी मारलं विचारलं. पोरीनं जुनकलाकडं बोट दाखवलं. आई जुनकलाच्या पाया पडली.

सखुबाई हे सगळं बघत मातीत बसली होती. तिच्याकडं कुणी आलं नाही. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटलं.

संध्याकाळी ती स्वतःच जुनकलाकडं गेली. बरोबर गगनबहादूर होता, पण त्याची गरज पडली नाही. जुनकला भाजी चिरत होती. ती हिंदीत सावकाश बोलली, समजेल असं. भूकंपाच्या त्या रात्री तिच्या वर्गातली निम्मी मुलं ढिगाऱ्यातून जिवंत निघाली नाहीत. जी निघाली त्यांना तेव्हापासून तिनं एकच गोष्ट शिकवली, पळायची. अ-आ-ई नंतर, आधी पळणं. “खेल बच्चों को जल्दी याद होता है, दीदी,” ती म्हणाली. “मेरा डेढ़ साल का काम था. आपका एक दिन का खेल था.”

“मी मोडते ना ते,” सखुबाई म्हणाली. तिला हिंदी सुचेना. “उद्या सांगते लेकरानला, की बसू नका म्हणून.”

जुनकलाला कळलं. तिनं मान हलवली. “आप रहने दीजिए,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आप को देखेंगे तो बैठ जाएँगे.”

उरलेले दिवस सखुबाईनं नुसते दगड उचलले. खाऊ वाढायला दुसऱ्या बाया गेल्या. शाळेच्या दाराकडं पाठ करून ती रांगेत उभी राहायची. लेकरांचा आवाज आला की ती आणखी मोठा दगड उचलायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला लेकरांपासून लांब उभं केलं होतं, आणि बरोबर केलं होतं, हे तिला कळत होतं.

परतीच्या रेल्वेत गुरुजींनी समजूत घातली. “अजाणता झालं. मीच म्हणालो होतो तुम्हाला. चूक माझी धरा.”

“तुमची धरून मी काय करू, गुरुजी?” सखुबाई म्हणाली. “तिथली लेकरं जुनकलाच्या हाती हायेत, ती बघंल. माझ्या वाडीतली काय करायची? आमच्या मागच्या भितीला भेग हाये. चुना मारलाय वरून. आन् म्या एवढी वर्सं एकेकाला धरून बसायला शिकवून राहिले. बाप झाले आता त्यातले. उद्या खरंच हाललं तर सगळं गाव बसून थोपटत राहील.”

त्या रात्री सखुबाई भीतीनं झोपलीच नाही, वाडीतल्या एकेका लेकराचं नाव घेत बसली.

गवळणवाडीत आल्या आल्या तिनं शिट्टी विकत घेतली. लेकरांना सांगितलं, थोपटायचा खेळ बंद. आता नवा खेळ, शिट्टी वाजली की समोरच्या खळ्यावर पळायचं. लेकरांना यासारखं दुसरं सुख नाही. दोन दिवसांत ती अशी तयार झाली की शिट्टी नसली तरी पळायला लागली. सखुबाईला वाटलं होतं अवघड जाईल ते सोपं गेलं. अवघड गेलं ते गाव.

अंगणवाडीतल्या बारक्या प्रतिक्षाची आजी भांडायलाच आली. “आवं बाई, काल कुकरची शिट्टी झाली तर पोरगी ताटावरून उठून रस्त्यात! गाडीखाली आली असती म्हंजी? काय येड लावून राहिल्या लेकरानला?”

पारावर तर उत्सवच. जळबा नावाचा तिचाच जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप, तो म्हणाला, “बाई, तुमीच शिकवलं बसायला. आता तुमीच पळा म्हणता. आमी कोणतं बराबर धरायचं?”

“आताचं धर,” सखुबाई म्हणाली.

“मंग लेकरं पळाली त्याचा चहा कोण पाजणार? नियम म्हंजी नियम.”

सगळे हसले. तातेरावही हसला. घरी आल्यावर तो म्हणाला, “नेपाळचं वारं लागलं तुला. वाघासारखी बाई गेली आन् ससा होऊन आली.”

एरवी सखुबाईनं त्याला जागच्या जागी परतफेड केली असती. या वेळी ती भाकरी थापत राहिली. मग तातेरावालाच कसंतरी झालं. “खरंच एवढं झालं व्हतं का गं तिथं?” त्यानं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, पोरीच्या लाल हातासकट. दुसऱ्या दिवसापासून पारावर कुणी चहाचं नाव काढलं की तो उठून जायचा. नवरा म्हणून एवढं पुष्कळ झालं.

मग वरून मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या चार बाया, तो प्रसिद्ध खेळ बघायला. मोबाईल धरून तयार. सखुबाई म्हणाली, “त्यो खेळ मोडला, मॅडम.”

“अहो, नुसतं करून दाखवायचंय. एक मिनिट.”

“एक मिनिट बी न्हाई. लेकरांच्या हातात परत जाईल त्यो.” मॅडमचा चेहरा पडला. बरोबरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चहा-पोहे झाले, पण गोड लागले नाहीत कुणाला. जाताना मॅडम म्हणाल्या, “तुमचं नाव पुढं पाठवणार होते मी, सखुबाई.” सखुबाई म्हणाली, “नका पाठवू.” मनातून तिला लागलं. शाल-नारळाची हौस एकदम कशी जाईल?

आणि मग एका दुपारी भुई बोलली.

लेकरं खिचडी खात होती. सखुबाई पातेल्याशी बसली होती. शिट्टी तिच्या गळ्यात होती. गुरगुर आली आणि शिट्टी वाजवायच्या आधीच लेकरं उठली. एकही रडलं नाही, एकही बसलं नाही. धाडधाड धाडधाड सगळी दारातून बाहेर, खळ्यावर, आणि तिथं ओळीनं उकिडवी बसली. शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. जुनकलानं पाहिलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं. पुसलं, सखुबाईला वाटलं, पुसलं गेलं एकदाचं.

“बाई!”

दारात प्रतिक्षा उभी होती. चार वर्षांची पोर, तोंडाला खिचडी लागलेली. ती खळ्यावरून माघारी आली होती. ती आत आली, मागच्या भिंतीच्या खाली, सखुबाईच्या पुढ्यात.

“बाई, तुमी काहून बसल्या?”

सखुबाईनं खाली बघितलं. ती पातेल्याशी तशीच बसलेली होती, मांडी घालून, आणि तिचा डावा हात फरशी थोपटत होता.

पोरीला काखेत मारून ती अशी उठली की पातेलं कलंडलं, दारात पाय अडखळला, आणि ती खळ्यावर जाऊन गुडघ्यांवर पडली. गुरगुर तोवर थांबलीही होती. काही पडलं नाही. पारावरून कुणीतरी ओरडलं, “बाई पळाल्या रेऽ! चहाऽ!” आणि हसण्याचा एकच गलका उठला. सखुबाई पोरीला छातीशी धरून होती, सोडायला तयार नव्हती.

थोड्या वेळानं तिनं लेकरांना जवळ घेतलं. “ऐका. बाई आत राहिली तर राहू द्यायची. कुणी माघारी यायचं न्हाई. कळलं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रतिक्षानं नाही डोलावली.

“कळलं का गं?”

“म्या येणार,” प्रतिक्षा म्हणाली.

“यायचं न्हाई म्हणलं ना!” सखुबाईनं आवाज चढवला, म्हैस मान वर करते तो आवाज. पोर दचकली, डोळे भरले, पण मागं हटली नाही.

“मंग तुमी उठा की,” ती म्हणाली.

लेकरांच्या अंगातून सखुबाईनं ते थोपटणं काढलं होतं, गावाच्या अंगातूनही कधी ना कधी काढलं असतं. स्वतःच्या अंगाचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि ते जोवर तिथं आहे तोवर हे एक लेकरू माघारी येणार, सांगून ऐकणार नाही. कारण मायेनं येणाऱ्याला नियम लागू होत नसतो.

तिनं गळ्यातली शिट्टी काढली आणि प्रतिक्षाच्या हातात दिली. लेकरांना खळ्यावरच बसवलं. स्वतः एकटी अंगणवाडीत गेली, पातेल्याशी मांडी घालून बसली आणि आतून ओरडली, “वाजीव!”

शिट्टी वाजली. पंचावन्न वर्षांची सखुबाई पदर खोचून दारातून पळत सुटली, भर दुपारी, सगळ्या पारादेखत. लेकरं टाळ्या पिटायला लागली. पारावरची माणसं हसून हसून वाकली, जळबानं तर चहाची ऑर्डरच दिली. सखुबाईनं कुणाकडं बघितलं नाही. ती खळ्यावर पोचली, दम खाल्ला, पुन्हा आत जाऊन मांडी घालून बसली आणि पुन्हा ओरडली, “वाजीव!”